दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. त्यावर झाडायचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. नेमबाज उभ्याने, कशाचाही टेकू न घेता, साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल खांद्याला लावतो आणि ७५ मिनिटांत ६० वेळा त्या ठिपक्याचा वेध घेतो. गुण दशांशात मोजतात; एका नेमाला जास्तीत जास्त १०.९. हात किंचित हलला तरी आकडा घसरतो, आणि हात हलतो तो पुष्कळदा मन हलल्यामुळे.

लांबून पाहणाऱ्याला हा दणदणाटी खेळ वाटतो. रेंजवर मात्र ऐकू येतो तो दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचा छोटासा आवाज, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा तसाच एक आवाज. शेजारी उभे असलेले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. ज्यांचा अख्खा दिवस दुसऱ्यांच्या हाकेला ओ देण्यात जातो, त्यांना अशा एका तासाची गरज सर्वांत जास्त असते. रुग्णालयातल्या परिचारिका आणि ब्रदर ही त्यातली पहिली मंडळी. त्यांच्या ताणावर उतारा म्हणून नेमबाजीचा विचार करायला महाराष्ट्रात कोल्हापूरइतकं योग्य शहर दुसरं नाही.

पेठेतला नेम

शिवाजी पेठ म्हटलं की तालमी आल्या. खंडोबा तालीम, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ ही नावं कोल्हापूरच्या फुटबॉल हंगामात घरोघरी घेतली जातात. त्याआधीपासून पेठेने जपलेला वारसा आहे मर्दानी खेळाचा. लाठी, फरीगदगा, विटा आणि दांडपट्टा. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याच्या एका वारात दुभंगायचं, हा त्यातला पाहणाऱ्यांचा श्वास रोखणारा प्रकार. ताकद तिथे दुय्यम ठरते. पात्याचं टोक नेमकं कुठे पोहोचणार हे हाताला ठाऊक असावं लागतं. वेग दिसतो डोळ्यांना, पण वस्ताद शिकवतो तो आवर.

हीच नेमाची जाण आधुनिक खेळात उतरली आणि कोल्हापूरने जगाला नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत यांनी २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं मिळवली. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण नोंदवून त्या विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉन इथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाल्यावर जादा फेऱ्यांत त्यांनी बाजी मारली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी शाहू माने याने युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं रौप्य आणलं.

मग आला १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह तिसरा आला. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. हा खेळाडू रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदकानंतर त्याने पत्रकारांना जे सांगितलं त्यातला एक तपशील ताणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. पोटात गोळा आला होता, सकाळपासून काळ्या चहाखेरीज काही घेतलं नव्हतं; पण अंतिम फेरीत त्याने गुणफलकाकडे लक्ष दिलं नाही. तो श्वास सांभाळत राहिला, वेगळं काही करायला गेला नाही. ताण होता तसाच होता. त्याच्यासोबत काम कसं करायचं, हे सरावाने आलेलं होतं.

शिवाजी पेठेतून निघालं की दुधाळी दूर नाही. तिथे महापालिकेची शूटिंग रेंज आहे. संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलातही नेमबाजीची सोय आहे. जयसिंग कुसाळे यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी याच शहरात पोरंपोरी घडवली. म्हणजे जागा आहे, जाणकार आहेत आणि ज्यांच्याकडे पाहून एखादी मुलगी रायफल हाती घ्यायला धजावेल अशी माणसंही आहेत. त्यातही ठळक नावं बायकांची. तालमीच्या आखाड्यात जी जागा बाईला सहजी मिळाली नाही, ती रेंजवर मिळाली.

विखुरलेलं लक्ष

दसरा चौकाकडून पुढे गेलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सीपीआर. कोल्हापूर जिल्ह्याबरोबर कोकणातून आणि सीमाभागातून रुग्ण इथे येतात. सरकारी रुग्णालयातला परिचारिकेचा दिवस साधारण तीन तुकड्यांत विभागलेला असतो: सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८, आणि रात्री ८ ते सकाळी ८. मॉर्निंग, ईव्हिनिंग, नाईट. या वेळा आठवड्या-पंधरवड्याला बदलतात आणि झोप, स्वयंपाक, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधं हे सगळं त्यांच्यामागून फरफटत जातं.

ड्युटीच्या तासांत काय घडतं? औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या असतात: रुग्ण तोच ना, औषध तेच ना, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना. ही तपासणी चालू असताना फोन वाजतो. तीन नंबरच्या खाटेवरची सलाईन संपत आलेली असते. नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ मॉनिटर वाजतो. वॉर्डबॉय रक्ताचे नमुने मागतो. राऊंड सुरू होतो. पुन्हा मूळ ट्रॉलीशी यायचं आणि पाचांपैकी कितव्या तपासणीवर होतो ते आठवायचं.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की अर्धवट राहिलेलं काम सोडून माणूस दुसऱ्याकडे वळतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष त्याच्याबरोबर वळत नाही. काही भाग मागच्या कामात अडकून राहतो. वॉर्डात हे असंख्य वेळा होतं. ड्युटी संपते, ओव्हर दिली जाते, गणवेश उतरतो. पण घरी भाजी चिरतानाही मनात येतं, सात नंबरच्या आजींचा बीपी पुन्हा पाहिला होता ना?

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचा जो आराखडा मांडला, तो परिचारिकांच्या कामाला नेमका लागू पडतो. काम खूप आणि निर्णयाचं स्वातंत्र्य कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. किती रुग्ण येतील, किती खाटा वाढवाव्या लागतील, साहित्य पुरेल की नाही, यातलं थोडंच सिस्टरच्या हातात असतं. जाब मात्र तिलाच विचारला जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने रस्ते बंद केले, त्यामधल्या कोविडच्या काळात वॉर्ड भरून वाहिले. तरी वॉर्ड सुरूच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. हा आजार नव्हे, तर कामाच्या जागच्या आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम, असं तिने नमूद केलं. त्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. तिसरं लक्षण सहसा दुर्लक्षित राहतं. झोपेने पहिल्यावर थोडा उतारा पडतो. आपण काहीतरी अचूक करू शकतो, हा विश्वास मात्र नुसत्या झोपेने परत येत नाही.

श्वास, ठोका आणि चाप

एक नेम म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या पाच-सहा कृती. पाय रोवायचे, शरीर नैसर्गिकपणे जिकडे रोखलेलं राहतं ती दिशा लक्ष्याशी जुळवायची, रायफल उचलायची, गाल टेकवायचा, साईटमधून लक्ष्य मध्यभागी आणायचं, श्वास सोडायचा आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा. छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. याला नेमबाज ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. नवशिका छर्रा सुटताच मान उचलून आकडा पाहायला जातो आणि नेमका तिथेच चुकतो.

यातला श्वासाचा भाग सर्वांत महत्त्वाचा. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. दर उच्छ्वासाच्या शेवटी एक छोटा विराम असतो. तेव्हा छातीचे स्नायू सैल असतात आणि शरीर सर्वांत कमी हलतं. नेमबाज तो विराम काही सेकंदांनी लांबवतो आणि त्यात चाप दाबतो. फार वेळ श्वास धरला तर नजर धूसर होते, हात थरथरू लागतो. अशा वेळी रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. नेम सोडून देणं हीसुद्धा या खेळातली शिकवायची गोष्ट आहे, आणि ती शिकायला कित्येकांना वर्ष जातं.

लांब, संथ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, कारण शरीराला विश्रांतीकडे नेणारी व्हेगस नस त्या वेळी अधिक काम करते. प्राणायामात याच यंत्रणेचा उपयोग होतो. कसलेल्या रायफल नेमबाजांवरच्या अभ्यासांत चाप दाबण्याच्या आधीच्या काही सेकंदांत हृदयाचे ठोके मंदावताना दिसले आहेत. १९८४ मध्ये ब्रॅडली हॅटफिल्ड आणि डॅनियल लँडर्स यांच्या गटाने मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या. नेमाच्या क्षणी मेंदूच्या डाव्या बाजूला अल्फा लहरी वाढत होत्या. शब्दांत चालणारा विचार, म्हणजे मनातली अखंड बडबड, त्या क्षणी मागे पडते, असा त्याचा अर्थ लावला गेला. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी ‘क्वाएट आय’ या नावाने आणखी एक गोष्ट मांडली: निष्णात खेळाडूची नजर कृतीच्या आधी लक्ष्यावर अधिक वेळ स्थिर राहते. डोळे ठरले की हातही ठरतो.

शांत हृदयाचं मोल या खेळात किती आहे, हे एका उत्तेजक प्रकरणातून कळतं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने पिस्तुलाचं एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. चाचणीत त्याच्या शरीरात प्रोप्रॅनोलॉल आढळलं आणि दोन्ही पदकं काढून घेण्यात आली. हे औषध परिचारिकांच्या ओळखीचं आहे. हृदयाची गती आणि हाताची थरथर कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातलं ते. इतर खेळांत उत्तेजकं ताकद वाढवायला घेतली जातात; इथे चोरी झाली ती शांततेची.

सिस्टरला यातलं बरंच काही हाताने ठाऊक असतं. लहान बाळाची शीर शोधून सुई घालताना ती श्वास धरते, नजर एका बिंदूवर रोवते, आजूबाजूचा गलका विसरते. रेंजवर तेच कसब वापरायचं असतं, फक्त समोर कागद असतो. सुई चुकली तर बाळ रडतं. छर्रा चुकला तर आठ गुण पडतात आणि कुणाचंही काही बिघडत नाही. चूक करण्याची एवढी मुभा तिला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पोडियमची वरची पायरी

परिचर्या आणि नेमबाजी ही जोडी नवीन नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मार्गारेट मर्डॉक १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकला गेल्या तेव्हा रायफलच्या स्पर्धेत पुरुष आणि महिला एकत्र उतरत. थ्री पोझिशन्समध्ये त्यांचे आणि त्यांच्याच संघातल्या लॅनी बॅशम यांचे समान, ११६२ गुण झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशम यांना मिळालं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांनी मर्डॉक यांना हात देऊन वरच्या पायरीवर आपल्या शेजारी उभं केलं. नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. परिचर्येचं शिक्षण घेऊन पुढे त्यांनी परिचारिकेचं काम केलं.

पदकापर्यंत जायची गरज नाही. जर्मनीत गावोगावी नेमबाजांची मंडळं आहेत. तिथल्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्य दहा लाखांहून अधिक आहेत. बेकरीवाला, शिक्षिका, नर्स, निवृत्त पोस्टमन असे लोक संध्याकाळी येतात, चाळीस छर्रे झाडतात, गप्पा मारतात, घरी जातात. तिथल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत या परंपरेची नोंद आहे. आपल्याकडे नेमबाजी आली ती लष्कर, पोलीस, एनसीसी आणि संस्थानिकांच्या शिकारीतून. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि पुढे जागतिक क्रमवारीत पहिल्या झाल्या. त्यामुळे आपल्याकडे रायफल धरली की पुढचा प्रश्न असतो, ‘नॅशनल खेळणार का?’ फक्त मन हलकं करायला रेंजवर येणारी बाई अजून आपल्याला ओळखीची नाही. ती व्हायला हवी.

उतारा कशावर आणि किती

कामानंतर माणूस सावरतो कसा, याचा सखोल अभ्यास झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी केला. २००७ मध्ये त्यांनी सावरण्याच्या चार वाटा मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, शरीर-मन सैल होणं, काहीतरी नवं जमल्याचा अनुभव आणि मोकळ्या वेळेवर आपला ताबा असणं. टीव्हीसमोर पडून राहण्यात दुसरी गोष्ट थोडीफार मिळते. मोबाइलमध्ये बोट फिरवत बसलं तर तीही निसटते.

नेमबाजीचा तास या चारही वाटांना स्पर्श करतो. साईटमध्ये डोळा लावून सात नंबरच्या खाटेचा विचार करता येत नाही. केला तर छर्रा लगेच सांगतो. लांब उच्छ्वास शरीराला सैल करतो. पहिल्या दिवशी कागदभर पसरलेली छिद्रं महिन्याभरात एका जागी गोळा होऊ लागतात. नेमबाज त्याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. ती प्रगती कागदावर डोळ्यांना दिसते, कुणाच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आणि चाप कधी दाबायचा, दाबायचा की नाही, हे ठरवणारं दुसरं कुणी नसतं. बर्नआउटच्या तिसऱ्या लक्षणावर, आपल्या हातून काही नीट होत नाही या भावनेवर, थेट काम करणारा हा छंद आहे.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट मांडायला हव्यात. एका सिस्टरकडे तिला झेपतील त्याहून दुप्पट रुग्ण असतील, तर रेंजवरचा तास ती तफावत भरून काढणार नाही. रिक्त पदं भरणं, रजा मिळणं, नातेवाइकांच्या दांडगाईपासून संरक्षण मिळणं हे रुग्णालयाचं आणि शासनाचं काम आहे. छंदाच्या नावाखाली ते टळता कामा नये.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक. ज्या व्यक्तीला सतत निराश वाटतं, जगणं नकोसं वाटतं, तिच्यासाठी शस्त्राजवळ जाणं हा उपाय नव्हे. तिने आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. याच कारणासाठी छंदाच्या नेमबाजीत शस्त्र रेंजवरच कुलपात राहावं, घरी आणू नये, हा नियम सुरुवातीपासून पाळणं शहाणपणाचं.

तिसरी गोष्ट झोपेची. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. नाईट संपवून सकाळी रेंजवर जाण्यात काहीच शहाणपण नाही. आधी झोप, मग नाईट ऑफच्या दिवशी नेम.

पहिला महिना

सुरुवातीला विकत काही घ्यावं लागत नाही. स्पर्धेची आयात एअर रायफल लाखांच्या घरात जाते, पण शिकाऊ माणसाला क्लबची रायफल किंवा पिस्तूल पुरतं. भारतात ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तरी पहिले धडे प्रशिक्षकाशिवाय घेऊ नयेत.

रायफल घ्यावी की पिस्तूल, हे परिचारिकेच्या बाबतीत बहुधा कंबरच ठरवते. रुग्णांना उचलून, कुशीवर वळवून ज्यांची कंबर धरलेली असते, त्यांना उभ्याने रायफल धरताना पाठीला येणारा बाक सोसणार नाही. त्यांनी टेबलावर टेकू देऊन रायफल चालवावी किंवा पिस्तूल निवडावं. एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत असतं, ते एका हाताने धरतात आणि त्याच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. नवशिक्याला तिथे लवकर आनंद मिळतो.

पहिले काही दिवस छर्राच भरत नाहीत. रिकाम्या शस्त्रावर चाप दाबायचा सराव होतो, त्याला ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात. सोबत सुरक्षेचे नियम: नळी सदैव लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असं समजूनच हाताळायचं, आणि ‘स्टॉप’ ऐकताच शस्त्र खाली. औषधाच्या पाच तपासण्या ज्यांच्या हाडीमाशी खिळल्या आहेत, त्यांना ही शिस्त जड जात नाही. चष्मा लावायचा, म्हणजे उडालेल्या तुकड्यापासून डोळे वाचतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खायचं-प्यायचं नाही आणि निघताना हात साबणाने धुवायचे. गरोदर आणि स्तनदा महिलांनी डॉक्टरांना विचारूनच यावं.

तासाभराचा क्रम साधा ठेवता येतो. दहा मिनिटं खांदे आणि मान मोकळी करणं, पाच मिनिटं संथ श्वास, पंधरा मिनिटं ड्राय फायरिंग, मग वीस ते तीस छर्रे. शेवटी कागद काढून तारीख घालून ठेवायचा. चहा-कॉफी आधी नको, हात थरथरतो. आकड्यांची तुलना शेजारणीशी न करता गेल्या आठवड्याच्या आपल्याच कागदाशी करायची.

हे कोल्हापुरात घडवून आणायला नव्या इमारतीची गरज नाही. महापालिका, जिल्हा क्रीडा कार्यालय, शहरातले नेमबाजी प्रशिक्षक आणि रुग्णालयांच्या अधिसेविका एकत्र बसल्या तर दहा-दहा जणींच्या तुकड्या ठरू शकतात. मॉर्निंग संपवणाऱ्यांसाठी दुपारी अडीचनंतरची वेळ, ईव्हिनिंगला जाणाऱ्यांसाठी सकाळी अकराची. या वेळांना शाळा-कॉलेजची मुलं वर्गात असतात, त्यामुळे रेंजवर गर्दीही कमी असण्याची शक्यता जास्त. अट एकच: हा तास ड्युटी लिस्टमध्ये लिहिलेला असावा. ‘जमेल तेव्हा जा’ असं म्हटलं की तो कधीच जमत नाही, हे प्रत्येक इन्चार्ज सिस्टरला माहीत आहे. दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, रुग्णालयांत गुलाबाची फुलं दिली जातात आणि भाषणं होतात. येत्या १२ मे रोजी त्यांच्या जोडीला पहिल्या तुकडीची नावं सूचनाफलकावर लागली, क्लबच्या चार रायफली, चार पिस्तुलं आणि एक प्रशिक्षक दुधाळीवर ठरला, तर जूनच्या ड्युटी लिस्टपासूनच सुरुवात करता येईल.